चंची उंच खुंटीवर

कीटकनाशकाचा डबा आपण उंचावर ठेवतो, उंदराचे औषध कुलपात ठेवतो. पण आणखी एक विष आपल्या बंडीच्या खिशात, उशाखाली आणि ओसरीवर मोकळे पडलेले असते. त्याचे नाव तंबाखू. माणसाला ती काय करते, हे आपण नेहमी ऐकतो. घरातल्या कुत्र्या-मांजराला काय करते, ते आज सांगतो.

मी गुरांचा डॉक्टर. एकदा सकाळी रेणापूरजवळच्या एका वस्तीवरून एक आजोबा गोणपाटात गुंडाळलेले पिल्लू घेऊन आले. वजन असेल अडीच किलो. तोंडाला फेस, अंगाला कापरे, मागचे पाय लुळे. आजोबा संतापलेले. "शेजाऱ्यानं औषध घातलं डॉक्टरसाहेब. बांधाचा राग काढला मुक्या जिवावर."

मी विचारले, ओकले का? सूनबाईने ओकारी कागदात बांधून आणली होती. शहाणपणाचे काम केले होते तिने. उघडून पाहिले, तर पानाचा तपकिरी चुरा आणि कापडाचे दोरे. ती हळूच म्हणाली, "मामांची चंची सकाळी ओसरीवर पडली होती. फाटलेली दिसली."

पोटातली आग शमावी म्हणून घरी त्याला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजला होता. पिल्लू वाचले नाही. आजोबा बराच वेळ दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. शेजाऱ्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

हे झाले कसे? तंबाखूच्या झाडाने किडीपासून बचावासाठी तयार केलेले विष म्हणजे निकोटीन. एकेकाळी त्याचा कीटकनाशक म्हणून सर्रास वापर होई. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला साधारण १ मिलिग्रॅम निकोटीन पोटात गेले की त्रास सुरू होतो. ९ ते १२ मिलिग्रॅम गेले तर जीव जाऊ शकतो. एका सिगारेटीत साधारण ९ ते ३० मिलिग्रॅम निकोटीन असते. ओढून टाकलेल्या थोटकातही ५ ते ७ मिलिग्रॅम उरते. म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला एक अख्खी सिगारेट पुरते. चंचीत तर मूठभर तंबाखू असते.

आता चुन्याचे पाहा. आपण तंबाखू चुन्याबरोबर का मळतो? निकोटीन आम्लात बांधलेले राहते, शरीरात सहज शिरत नाही. चुना लागला की ते मोकळे होते आणि तोंडाच्या आतल्या कातडीतूनच झपाट्याने रक्तात जाते. तलफ लवकर भागते ती त्यामुळे. पिल्लाच्या तोंडातही हेच घडते. पोटातले आम्ल मात्र निकोटीनला थोडे थोपवून धरते, आणि पुष्कळदा ओकारी होऊन बराच भाग बाहेर पडतो. ही निसर्गाची ढाल. वरून सोडा किंवा पित्ताचे औषध पाजले, तर ती ढाल आपणच मोडतो.

लक्षणे पाव तासापासून दीड तासात दिसू लागतात. लाळ गळते, ओकाऱ्या आणि जुलाब होतात, जनावर बेचैन होऊन धापा टाकते. मग कापरे भरते, झटके येतात, पाय लुळे पडतात, शेवटी श्वास थांबतो. लाळ पाहून लोक 'पिसाळले' म्हणून दगड उचलतात. पण पिसाळण्याची शंकाही एकदम सोडू नये. म्हणून लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका.

मग करायचे काय? सोडा नको, तेल नको, मिठाचे पाणी नको. झटके येत असताना नरड्यात काहीही ओतले, तर ते फुफ्फुसात जाते. जनावराला शांत जागी ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. उरलेली पुडी किंवा ओकारी बरोबर घ्या. किती खाल्ले, केव्हा खाल्ले, ते सांगा. लाजू नका. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. या विषावर नेमका उतारा नाही. सलाईन, झटक्यांचे औषध आणि श्वासाला आधार यांवरच भिस्त असते. पहिले चार-पाच तास निभावले, तर जनावर बहुधा वाचते.

त्याहून सोपे म्हणजे ही वेळच न येऊ देणे. चंची आणि चुन्याची डबी उंच खुंटीवर ठेवा. मिसरीची डबी मोरीच्या कट्ट्यावर उघडी ठेवू नका. पिकदाणी रोज रिकामी करा. त्यातले पाणी कुत्रे पिते. थोटके अंगणात टाकू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी कुठे पुडी सापडलीच, तर तिचा गोड वास पिल्लाला आधी ओढतो, हे ध्यानात ठेवा. तंबाखू सोडण्यासाठी निकोटीनचे च्युइंगगम घेत असाल, तर अभिनंदन. पण तेही कपाटात ठेवा. त्यातही निकोटीनच असते.

आणखी एक जुनी सवय. गोचिडे, उवा मारायला शेळीला, वासराला किंवा कुत्र्याला तंबाखूचे पाणी चोळतात. निकोटीन कातडीतूनही आत जाते, शिवाय जनावर अंग चाटते. गोचीड मरेल, पण जनावरही दगावू शकते. गोचिडाचे औषध दवाखान्यातून विचारून घ्या.

आणि जिथे पिल्लाचे तोंड पोहोचते, तिथे रांगणाऱ्या नातवाचा हातही पोहोचतो. त्याच्यासाठीही हे विषच आहे.

ते आजोबा पुढे एकदा शेळी घेऊन आले होते. तंबाखू सुटली का, विचारले. म्हणाले, "सुटली नाही अजून. पण चंची आता आढ्याजवळच्या खुंटीला असते. काढायला उठावं लागतं, म्हणून कमी झाली." सुरुवात म्हणून एवढेही पुष्कळ आहे. आज घरी गेलात की आपली चंची कुठे आहे, तेवढे पाहा.