‘जीव देणे’ आणि ‘जीव निवणे’ : मराठी काव्यातील जलप्रतिमेचा एक विचार

मरणाची इच्छा आणि शांततेची ओढ या दोन भावावस्था साहित्यात पुष्कळदा जलप्रतिमेच्या आश्रयाने व्यक्त होतात. पाण्याखाली जगाचा गलबला पोहोचत नाही, देहाचा भार जाणवत नाही, कोणी काही मागत नाही, ही कल्पना दुःखाने गांजलेल्या मनाला पुनःपुन्हा सुचते. कवितेत अशी प्रतिमा आढळली की समीक्षा बहुधा तिला ‘मृत्यूची ओढ’ या एकाच सदराखाली टाकते. हे वर्गीकरण अपुरे आहे. मरणाचा विचार सोबत घेऊन वर्षानुवर्षे जगणारी माणसे असतात आणि त्यांच्या बोलण्यातील पाणी अनेकदा मरण नव्हे, तर विसावा मागत असते. हा भेद ओळखण्याची साधने मराठी भाषेत आणि परभणी जिल्ह्याच्या वाङ्मयीन परंपरेतही आहेत. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. भाषेने राखलेला भेद

‘जीव’ या शब्दाभोवती मराठीत वाक्प्रयोगांचा मोठा परिवार आहे. जीव नकोसा होणे, जीव टांगणीला लागणे, जीव देणे, जीव निवणे, जीवात जीव येणे हे त्यांपैकी काही. ‘जीव नकोसा होणे’ ही अवस्था आहे, तर ‘जीव देणे’ ही कृती आहे. पहिल्यापासून दुसरीपर्यंत जाणारी वाट अटळ नाही, हे बोलीभाषेला ठाऊक आहे; म्हणूनच तिने दोहोंसाठी वेगळे शब्द ठेवले. ‘जीव निवणे’ हा प्रयोग तर विरुद्ध दिशेचा आहे. त्यात तापलेले थंड होते. पण थंडावा अनुभवण्यासाठी जीव उरलेला असावा लागतो.

काही शब्दांनी मात्र हा भेद पुसट केला आहे. दीर्घ आजारानंतर वारलेल्या माणसाविषयी ‘सुटला बिचारा’ असे म्हटले जाते. येथे दुःखापासूनची सुटका आणि जगण्यापासूनची सुटका एकरूप होतात. ‘जलसमाधी’ या शब्दाचेही तसेच झाले. संत एकनाथांनी १५९९ मध्ये पैठण येथे गोदावरीत घेतलेली जलसमाधी परंपरेने कृतार्थ जीवनाची पूर्तता मानली. आज वृत्तपत्रे तोच शब्द बुडालेल्या जहाजाला आणि धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावालाही लावतात. ‘आत्महत्या’ या शब्दात तर ‘हत्या’च आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही. कायद्याची भाषा बदलली. समीक्षेची भाषा मात्र अजून तेथपर्यंत आलेली नाही.

२. मानसशास्त्रीय बाजू

स्थिर, गडद पाण्याचे मृत्युकल्पनेशी असलेले नाते फ्रेंच विचारवंत गास्ताँ बाशलार यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात विवेचिले आणि शेक्सपिअरच्या ओफेलियावरून त्या मनोगंडाला नाव दिले. हे विवेचन काव्यापुरते उद्बोधक असले, तरी जगणाऱ्या माणसाचा उलगडा त्याने पूर्ण होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी या प्रश्नाच्या मुळाशी असह्य मानसिक वेदना असते, असे प्रतिपादन केले. त्यांच्या मते अशा माणसाला मुख्यतः त्या वेदनेची जाणीव थांबायला हवी असते, आणि त्याच वेळी त्याच्या मनाचा एक भाग जगू इच्छीत असतो. हे द्वंद्व ध्यानी घेतले, तर पाण्याखालील शांततेच्या कल्पनेत वेदना थांबावी ही मागणी ऐकू येते.

या कल्पनेला शारीरिक आधारही आहे. चेहऱ्याला थंड पाणी लागले की हृदयाची गती काहीशी मंदावते. मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत तीव्र अस्वस्थतेच्या क्षणी या शरीरक्रियेचा उपयोग केला जातो. व्याकूळ माणसाच्या तोंडावर पाणी मारण्याची घरगुती रीत याच्या फार जवळची आहे. पाण्याची ओढ वाटणे म्हणजे बुडण्याची ओढ वाटणे नव्हे, याचे हे साधे उदाहरण होय.

३. ‘औदुंबर’ : काठावरची बैठक

बालकवींची (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. उगम न कळणाऱ्या उदासीनतेचा अनुभव बालकवींच्या काव्यात आहे आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी भादली येथे रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले. त्यामुळे त्यांच्या डोहात मृत्यूची पूर्वसूचना शोधण्याचा मोह वाचकाला होतो. परंतु कवितेतील वाट डोहाकडे जात असली, तरी तो वृक्ष डोहात जात नाही. पाण्यात पाय सोडून तो काठाशी बसतो. त्याचा खोलीशी संबंध आहे, पण त्याची मुळे जमिनीत आहेत. उदासीनतेसह जगण्याची ही एक मुद्रा आहे. ती उदासीनता नाकारत नाही आणि तिच्या स्वाधीनही होत नाही.

४. जनाबाई : सुळाचे पाणी

बालकवींचा वृक्ष एकटा आहे. सोबतीचा प्रश्न परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंकडे अधिक स्पष्टपणे दिसतो. गोदाकाठच्या या गावातून लहान वयातच त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी आल्या आणि दासी म्हणून राहिल्या. दळण, कांडण, पाणी भरणे हे कष्ट आणि त्यांतील एकाकीपण त्यांच्या अभंगांत उघडपणे येते. मात्र त्या एकाकीपणाचे रूपांतर मूक खोलीत होत नाही. जनाबाई विठ्ठलाशी भांडतात, त्याला अपशब्द ऐकवतात आणि जात्यावर आपल्यासोबत बसवतात. त्यांच्या काव्यातला देव पाणी भरू लागतो. येथे पाणी हे कामाचे आहे, आणि ते काम वाटून घेणारा कोणी तरी आहे.

चरित्रपरंपरेतील एक आख्यायिकाही याच संदर्भात अर्थपूर्ण ठरते. विठ्ठलाच्या पदकाच्या चोरीचा आळ जनाबाईंवर आला, त्यांना सुळाची शिक्षा झाली आणि चंद्रभागेच्या तीरी त्या सुळाचेच पाणी झाले, असे ती सांगते. ऐतिहासिक घटना म्हणून नव्हे, तर लोकमानसाने घडवलेली प्रतिमा म्हणून तिचा विचार करावयास हवा. येथे मरणाचे साधन विरघळते आणि पाणी मरणाच्या विरुद्ध बाजूला उभे राहते. ‘जीव निवणे’ या प्रयोगाचे याहून नेमके दृश्यरूप सापडणे कठीण आहे.

५. पाण्याचा दुष्काळ आणि अंतर्मुखतेची मर्यादा

हा सर्व विचार केवळ अंतर्मनापुरता ठेवणे मात्र धोक्याचे आहे. याच जिल्ह्यातील कवी इंद्रजित भालेराव यांच्या १९८९ च्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘पीकपाणी’ आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी पाणी आधी वास्तव असते आणि मग प्रतिमा. नापिकी आणि कर्ज यांनी ज्याचा जीव नकोसा झाला, त्याला मनःशांतीचा उपदेश पुरत नाही. त्याची वेदना थांबवणे हे समाजाचे आणि शासनाचेही काम ठरते. भालेरावांची कविता कुणब्याच्या पोराला लढायला शिकवते, ती याच जाणिवेतून.

६. वाचनाची जबाबदारी

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची प्राचीन बारव आहे. आड आणि बारव दोन्ही खोल असतात. आडातून पाणी दोराने शेंदावे लागते. बारवेत माणूस पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरतो आणि त्याच पायऱ्यांनी वर येतो. दुःखाविषयीची चांगली कविता बारवेसारखी असते. ती खोली लपवत नाही आणि परतीची वाटही बांधून ठेवते.

अध्यापकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ अर्थनिर्णयनाचा नाही. विद्यार्थ्याच्या वहीत पाण्याखालच्या शांततेची कविता आढळली, तर तिचे प्रतीक म्हणून कौतुक करून थांबणे योग्य नव्हे आणि घाबरून गवगवा करणेही योग्य नव्हे. एकांतात, स्पष्ट शब्दांत विचारावे की जीव नकोसा वाटतो का, मरणाचे विचार येतात का. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे संशोधनाने दाखवले आहे. उलट बोलण्याला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे न सोडता घरच्या विश्वासातील माणसापर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

सारांश, जलप्रतिमेत मृत्यू शोधण्यापूर्वी ती कोणत्या वेदनेपासून विसावा मागते आहे, हे वाचकाने पाहावयास हवे. जीव देणे आणि जीव निवणे यांतील अंतर मराठी भाषेने जपले आहे. ते अंतर वाचनातही जपले गेले, तर विसावा मागणाऱ्या माणसाचे म्हणणे वेळेवर ऐकू येण्याची शक्यता वाढेल.