मोटर का जळते? एकसर आणि समांतर रोधाचा हिशेब

(शेतकी विभाग : ऊस विकास अधिकारी यांजकडून)



एप्रिल-मे महिन्यांत उसाची एक पाळी चुकली तर कांड्या आखूड पडतात आणि टनेज घटते, हे आपल्याला सांगायला नको. पण पाळी दर वेळी पाण्यावाचूनच चुकते असे नाही. पुष्कळदा विहिरीत पाणी असते आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात पडलेली असते. ‘व्होल्टेज नव्हतं, जळाली,’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो. डीपीवर व्होल्टेज होते, मग ते मोटरीपर्यंत का पोचले नाही? हा हिशेब शाळेतल्या बेरीज-भागाकाराने करता येतो.

उदाहरण ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडकडचे घेऊ. तो मुलूख उसाचा नव्हे. पावसाळ्यात भात, आणि पाणी असेल तिथे उन्हाळ्यात भेंडी-काकडी. मुंबईला पाणी देणारे भातसा धरण शहापूर तालुक्यात, तर मुरबाडातून काळू नदी वाहते. नदीवरून पाणी उचलायचे म्हटले की मोटर खाली पाण्याजवळ आणि विजेचा खांब वर लांब. मधले अंतर वायरीने तोडायचे. आपल्याकडच्या नदीकाठच्या सभासदांचीही हीच तऱ्हा आहे.

एकसर जोडणी : सरळ बेरीज

तार वीज वाहून नेते, तशी थोडी अडवतेही. या अडवणुकीला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. जर्मनीतील गेऑर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली त्याचा नियम प्रसिद्ध केला. तारेतून जाणारे अँपिअर गुणिले तारेचा रोध, म्हणजे तारेतच खर्ची पडणारे व्होल्टेज.

एका पाटात तीन ठिकाणी गाळ साचला तर पाण्याला तिन्ही अडचणी ओलांडाव्या लागतात. एकामागे एक जोडलेल्या रोधांचेही तसेच. त्यांची सरळ बेरीज होते.

समजा, खांबापासून मोटर २५० मीटरवर आहे. मोटर सिंगल फेज, दीड हॉर्सपॉवरची, सुमारे १० अँपिअर घेणारी. वायर तांब्याची, दुकानात जिला ‘अडीच एमएम’ म्हणतात ती. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. आता मांडा :

जाणारी तार २५० मीटर : १.८५ ओहम
परत येणारी तार २५० मीटर : १.८५ ओहम
हाताने पिळलेला सैल जोड, समजा : ०.५ ओहम
एकूण : ४.२ ओहम

१० अँपिअर गुणिले ४.२, म्हणजे ४२ व्होल्ट वाटेतच गेले. खांबावर २३० असले तरी मोटरीला १८८ मिळतात. परतीची तार हिशेबात धरायची राहते, ही नेहमीची चूक. आणि त्या एका जोडाकडे बघा. १० × १० × ०.५, म्हणजे ५० वॅटची उष्णता एवढ्याशा जागेत. जोड काळा पडतो तो यामुळेच.

व्होल्टेज कमी झाले की दिवा नुसता मंद होतो. मोटरीला मात्र पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून ती जादा अँपिअर ओढते. त्याने वाइंडिंग तापते, आणि वायरीतले नुकसान आणखी वाढते.

समांतर जोडणी : उलट्याची बेरीज

एका पाटाशेजारी दुसरा पाट काढला की पाणी सुखाने जाते. दोन रोध शेजारी-शेजारी जोडले तर एकूण रोध दोघांतल्या लहानापेक्षाही लहान होतो. रीत अशी : प्रत्येक रोधाने १ ला भागा, बेरीज करा, आणि आलेले उत्तर पुन्हा उलटे करा. ६ आणि ३ ओहम असतील तर १/६ + १/३ = १/२, म्हणून एकूण रोध २ ओहम. शेवटचे उलटे करणे विसरू नका. रोध सारखेच असतील तर आणखी सोपे. एकाचा रोध भागिले संख्या.

एका लाइनवर सहा मोटरी

खरी गोम इथे आहे. डीपीपासून येणाऱ्या सामाईक लाइनचा रोध १ ओहम धरा आणि प्रत्येक मोटर २४ ओहमची. (मोटरीचा खरा हिशेब थोडा वेगळा असतो, पण अंदाजाला हा पुरतो.) मोटरी आपसांत समांतर आहेत आणि लाइन त्या सर्वांशी एकसर.

१ मोटर चालू : २४ + १ = २५ ओहम. धारा ९.२ अँपिअर. मोटरीला सुमारे २२१ व्होल्ट.
३ मोटरी चालू : ८ + १ = ९ ओहम. धारा सुमारे २५.६ अँपिअर. मोटरीला सुमारे २०४ व्होल्ट.
६ मोटरी चालू : ४ + १ = ५ ओहम. धारा ४६ अँपिअर. मोटरीला १८४ व्होल्ट.

मोटरी वाढल्या की त्यांचा एकूण रोध घटतो, पण लाइनचा १ ओहम जागचा हलत नाही. तिथेच ४६ व्होल्ट जातात. त्यात ऑटो स्विच लावलेले असले की वीज येताक्षणी सहाही मोटरी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते. टेलच्या शेतकऱ्याची मोटर आधी जळते, ती याचमुळे. महावितरणने २०१८ मध्ये उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आणली, एक-दोन पंपांना एक छोटी डीपी. सामाईक लघुदाब लाइन आखूड करायची, हेच तिचे मर्म.

तीन फेजच्या मोटरीचे आकडे निराळे येतात, पण तत्त्व हेच. तेव्हा एवढे करावे :

१. अंतर मोजून वायर घ्या. वरच्या उदाहरणात सहा एमएम वापरली तर तारेतले नुकसान ३७ व्होल्टवरून सुमारे १५ वर येते.
२. जुन्या वायरीला दुसरी बारीक वायर समांतर जोडण्यापेक्षा एकच जाड केबल बरी. एक तुटली तर सगळा भार दुसरीवर पडतो.
३. पिळलेले जोड काढून वायरमनकडून पक्के करून घ्या. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका.
४. ऑटो स्विच काढा, योग्य मापाचा कपॅसिटर बसवा.
५. एका डीपीवरच्या सभासदांनी बसून मोटरींची पाळी ठरवा. पाटाच्या पाण्याची पाळी आपण पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो आहोत. विजेच्या बाबतीत मात्र ‘आधी माझी’ म्हणून सगळेच बटण दाबतात आणि सगळ्यांनाच पाणी कमी मिळते.

हंगामापूर्वी खांबापासूनचे अंतर, वायरीचा एमएम आणि मोटरीच्या पाटीवरचे अँपिअर एवढे कागदावर लिहून गट कार्यालयात आणावे. हिशेब तिथल्या तिथे मांडून देऊ.