संबंधाचा पुरावा : झिनोव्हिएव्हचे पत्र आणि १९२४ ची ब्रिटिश निवडणूक

राजकीय प्रतिस्पर्ध्यावर थेट आरोप करावयाचा, तर आरोपकर्त्याला काही किमान पथ्ये पाळावी लागतात. अमुक कृत्य अमुक माणसाने अमुक दिवशी केले, असे सांगून त्याचा दाखला द्यावा लागतो, आणि तो दाखला लटका निघाला तर अब्रूनुकसानीच्या फिर्यादीस तोंड द्यावे लागते. परंतु तोच दोष प्रतिस्पर्ध्याच्या शेजाऱ्याच्या, स्नेह्याच्या किंवा नुसत्या परिचिताच्या पदरात घालून त्याचे शिंतोडे मूळ इसमावर उडू दिले, की दाखल्याचीही गरज उरत नाही आणि फिर्यादीचीही धास्ती राहत नाही. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडीच म्हणतात, हे लोकस्वभावाचे वर्णन म्हणून यथार्थ आहे. पण निवडणुकीच्या धामधुमीत वृत्तपत्रे याच लोकस्वभावाचे भांडवल करू लागली, म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल, तर १९२४ च्या ऑक्टोबरमधील ब्रिटिश निवडणुकीचे दफ्तर उघडावे. त्या प्रकरणातील पत्र खरे की बनावट, याचा खल पाऊणशे वर्षे चालला. आणि खरा अन्याय ज्या ठिकाणी झाला, ते ठिकाण त्या खलाच्या गदारोळात बहुतेकांच्या नजरेआड राहिले.

१९२४ च्या जानेवारीत रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाचे पहिले मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्या पक्षाचे अवघे १९१ सभासद होते, आणि उदारमतवाद्यांची मेहेरबानी असेतोवरच त्या सरकारचे आयुष्य होते. मॅक्डोनल्ड यांनी पंतप्रधानकीबरोबर परराष्ट्र खातेही स्वतःकडे ठेवले, फेब्रुवारीच्या आरंभी सोव्हिएत सरकारला मान्यता दिली, आणि ऑगस्टमध्ये त्या सरकाराशी केलेल्या तहांत रशियाला कर्ज मिळवून देण्याची वाट मोकळी ठेवली. त्याच सुमारास ‘वर्कर्स वीकली’ या कम्युनिस्ट साप्ताहिकाने, आपल्या कामगार बांधवांवर शस्त्र उगारू नका, असे आवाहन सैनिकांना केले. हंगामी संपादक जे. आर. कॅम्बेल यांच्यावर १७९७ सालच्या, सैन्यातील फितुरीस चिथावणी देण्याविरुद्धच्या कायद्याखाली खटला भरण्यात आला आणि पुढे तो मागेही घेण्यात आला. सरकार कम्युनिस्टांच्या दबावाला बळी पडले, असा बोभाटा झाला. ८ ऑक्टोबरच्या मतदानात सरकारचा ३६४ विरुद्ध १९८ मतांनी पराभव झाला. पार्लमेंट बरखास्त होऊन २९ ऑक्टोबर हा मतदानाचा दिवस मुक्रर झाला.

निवडणुकीचा प्रचार नुकताच सुरू झाला असताना परराष्ट्र खात्याच्या हाती गुप्तहेर खात्यामार्फत एका पत्राची प्रत आली. पत्रावर १५ सप्टेंबर ही तारीख होती, खाली कम्युनिस्ट इंटरनॅशनलचा अध्यक्ष ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह याचे नाव होते, आणि ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाला उद्देशून लिहिलेले होते. रशियाशी झालेले तह मंजूर व्हावेत म्हणून कामगारवर्गात चळवळ उभारा, सैन्यात आणि आरमारात आपली केंद्रे स्थापन करा, असा त्याचा एकूण आशय होता. प्रचाराच्या दौऱ्यावर असलेल्या मॅक्डोनल्ड यांनी, पत्राच्या खरेपणाची आधी खात्री करून घ्यावी, असे सांगून निषेधाच्या खलित्याचा मसुदा दुरुस्त केला आणि आपल्या संमतीची आद्याक्षरे न घालता तो लंडनला परत पाठविला. इकडे ‘डेली मेल’चे संपादक टॉमस मार्लो यांच्या हाती त्या पत्राची नक्कल लागली होती, व ती छापून त्यांनी इतर वृत्तपत्रांकडेही धाडली होती. वृत्तपत्रे पत्र छापणारच, तर सरकारने ते दडपून ठेवले असा बोल नको, या विचाराने खात्याचे मुख्य अधिकारी सर आयर क्रो यांनी, मंत्र्यांचा अखेरचा हुकूम येण्यापूर्वीच, पत्र आणि त्यावरील निषेधाचा खलिता दोन्ही प्रसिद्ध करविले. त्यामुळे घडले ते असे, की ज्या कागदाच्या सत्यतेविषयी पंतप्रधानांनाच शंका होती, त्या कागदावर त्यांच्याच खात्याची मोहोर उमटली.

शनिवार, २५ ऑक्टोबर. मतदानास चार दिवस उरले होते. लॉर्ड रॉदरमिअर यांच्या मालकीच्या ‘डेली मेल’ने, समाजवाद्यांच्या मॉस्कोतील धन्यांचा यादवी युद्धाचा कट उघडकीस आला आहे, अशा अर्थाचा मथळा मोठ्या टायपात दिला. समाजवादी म्हणजे कोण, हे त्या आठवड्यातील कोणाही इंग्रज मतदाराला विचारण्याची गरज नव्हती. देशावर राज्य करणारा मजूर पक्ष हाच तो. आता मथळ्याखालचा मजकूर पाहावा. त्या पत्राचा लेखक मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांविषयी काय म्हणतो? ते भांडवलदारांच्या ओंजळीने पाणी पिण्याचा संभव आहे, तेव्हा त्यांच्यावर सक्त नजर ठेवा. त्यांचे परराष्ट्रीय धोरण म्हणजे हुजूर पक्षाच्या कर्झनशाही धोरणाचीच निकृष्ट नक्कल आहे. मॅक्डोनल्ड यांच्या त्या धोरणाचे पितळ उघडे पाडण्याची मोहीम सुरू करा! ज्याला मथळा धनी ठरवितो, तो मजकुरात आपल्या तथाकथित नोकरांना शत्रूच्या गोटातील माणसे म्हणून हिणवितो. शिवाय पत्र ज्यांना लिहिले, त्या कम्युनिस्टांना संलग्न करून घेण्यास मजूर पक्षाने त्याच महिन्याच्या वार्षिक अधिवेशनात साफ नकार दिला होता, आणि कोणाही कम्युनिस्टाला पक्षाची उमेदवारी मिळणार नाही, असा ठरावही केला होता.

सारांश, पत्र शंभर टक्के अस्सल असते, तरी त्यावरून सिद्ध झाले असते ते इतकेच, की मॉस्कोतील एका पुढाऱ्याने लंडनमधील एका लहानशा पक्षाला चिथावणीचा उपदेश केला. त्या उपदेशाची जबाबदारी तिसऱ्याच पक्षाच्या माथी मारण्यासाठी जी पायरी चढावी लागते, ती पत्रात कोठेच नव्हती. ती मथळा लिहिणाऱ्याने स्वतःच्या पदरची घातली, आणि वाचकाला ती वेगळी दिसली नाही, कारण मान्यता, तह, कर्ज आणि कॅम्बेल यांची उजळणी महिनाभर चालू होती. मतदानाच्या सुमारास ‘पंच’ साप्ताहिकाने छापलेल्या व्यंगचित्रात एक दाढीवाला बोल्शेव्हिक मॅक्डोनल्ड यांना आणि आपल्याला मते द्या, असा फलक अंगावर अडकवून रस्त्याने चालला आहे. दोन नावे एका फलकावर आणून बसविली, की त्यांच्यामधील नाते शाबीत करण्याच्या कटकटीतून चित्रकारही सुटतो आणि संपादकही.

आरोपिताची पंचाईत अशा वेळी दुहेरी असते. पत्र बनावट आहे असे म्हणावे, तर त्याचे खाते निषेध नोंदवून बसलेले. पत्र अस्सल मानावे, तर मग आजवर स्वस्थ का बसलात, हा प्रश्न पुढे ठाकलेला. मॅक्डोनल्ड यांनी खुलासा केला तो सोमवारी, कार्डिफच्या सभेत. तोवर शनिवार आणि रविवार हे दोन दिवस प्रतिपक्षाच्या वृत्तपत्रांना आंदण मिळाले होते.

निकालात हुजूर पक्षाला चारशेहून अधिक जागा मिळाल्या आणि मजूर पक्ष १५१ वर आला. परंतु पत्रामुळेच मजूर पक्ष बुडाला, ही समजूत आकडे तपासता टिकत नाही. त्या पक्षाची मते आधीच्या निवडणुकीपेक्षा दहा लाखांनी वाढली होती, आणि खरी वाताहत झाली ती १५८ वरून ४० वर घसरलेल्या उदारमतवाद्यांची. मात्र रशियाशी केलेले तह बॉल्डविन यांच्या नव्या सरकारने बासनात गुंडाळले, आणि मजूर पक्षाच्या मनात नोकरशाहीविषयी जी अढी बसली, ती दोन पिढ्यांत सुटली नाही. १९९९ मध्ये परराष्ट्र खात्याच्या मुख्य इतिहासकार गिल बेनेट यांनी सरकारी कागदपत्रे धुंडाळून अहवाल दिला: पत्र बहुधा बनावट, ते रचण्यात क्रांतिविरोधी रशियन निर्वासितांचा हात असण्याचा संभव मोठा, आणि ते फोडण्यात हुजूर पक्षाकडे कल असलेल्या गुप्तहेर अधिकाऱ्यांचा.

या कथेला हिंदुस्थानच्या बाजूने पाहिले, म्हणजे तिचा आणखी एक पदर उलगडतो. ज्या सरकारवर बोल्शेव्हिकांशी लागेबांधे असल्याचा आळ आला, त्याच सरकारच्या अमदानीत, मे महिन्यात, कानपूरच्या बोल्शेव्हिक कट खटल्यात मुंबईचे तरुण पत्रकार श्रीपाद अमृत डांगे यांना चार वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या खटल्यातील पुराव्याचा कणा होता कम्युनिस्ट पुढारी मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी चाललेला पत्रव्यवहार. ज्या शनिवारी लंडनमध्ये झिनोव्हिएव्हचे पत्र छापून आले, नेमक्या त्याच दिवशी कलकत्त्यात पोलिसांनी सुभाषचंद्र बोस यांना अटक केली. ते तेथील महानगरपालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. पुढे मंडालेच्या तुरुंगापर्यंत त्यांची रवानगी झाली, पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याचा जो ठपका त्यांच्यावर होता, त्याची शहानिशा कोणत्याही न्यायासनापुढे झाली नाही. बंगालमधील त्या दडपशाहीच्या हुकमास मॅक्डोनल्ड मंत्रिमंडळाची संमती होती. संबंधालाच अपराध मानण्याचे जे तर्कशास्त्र विलायतेत या मंत्रिमंडळाच्या मुळावर आले, तेच वसाहतीत ते विनासंकोच वापरीत होते. आणि गंमत अशी, की ज्या कम्युनिस्ट पक्षाच्या नावाने ही हूल उठविली गेली, त्याचे उमेदवार, मुंबईत जन्मलेले टाटांचे भाचे शापुरजी सकलातवाला, उत्तर बॅटर्सीतून याच निवडणुकीत निवडून आले. मतदारसंघातील कामगारांना ते परिचित होते, आणि परिचित माणसाविषयी मत बनविताना लोक वर्तमानपत्राच्या मथळ्यावर विसंबत नाहीत.

तेव्हा पत्राच्या बनावटपणाचा निर्णय लागल्याने न्याय झाला, असे समाधान मानण्यात अर्थ नाही. बनावटगिरी उघडकीस आणण्यास दफ्तरे लागतात, तज्ज्ञ लागतात, आणि प्रसंगी पाऊणशे वर्षे लागतात. शिवाय उद्या एखादे अस्सल पत्र हाती लागले, तर या साऱ्या खटाटोपाचा आरोपिताला काडीचाही उपयोग व्हावयाचा नाही. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, आणि ज्याच्यावर आळ आहे त्याने स्वतः काय केले, हे तीन प्रश्न मात्र त्या शनिवारी कोणाही वाचकाला विचारता आले असते, कारण त्यांची उत्तरे देणारे पत्र मथळ्याच्या खालीच छापलेले होते. ते वाचण्याचे कष्ट घेणाऱ्याला मजूर पक्षाची निर्दोषता ठरविण्यासाठी १९९९ सालची वाट पाहावी लागली नसती.