‘माइक नको, आवाज पोचतोय ना?’

मागच्या गॅदरिंगला एका सीनिअरने स्टेजवर येऊन माइक बाजूला सारला आणि विचारलं, ‘माझा आवाज पोचतोय ना सगळ्यांना?’ अख्ख्या हॉलने ‘होऽऽ’ केलं. माझी रूममेट मात्र माझ्याकडे बघत होती. तिला कमी ऐकू येतं, कानाला मशीन आहे. तिला प्रश्नच ऐकू आला नव्हता, मग ‘नाही’ कोण म्हणणार?

मी सायन्स फिक्शनची वेडी (या ‘वेडी’कडे नंतर येते). अमेरिकेत अशा वेड्यांची दोन-तीन दिवसांची संमेलनं भरतात. त्यांना कन्व्हेन्शन म्हणतात. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी १९७७ साली सुरू झालेलं ‘विस्कॉन’ हे त्यातलं एक. कितीही खणखणीत आवाज असो, माइक घेऊनच बोला, असा तिथे आग्रह असायचा. चर्चेच्या खोल्यांत जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून व्हीलचेअरची जागा आखलेली असे, तिथे आपली खुर्ची ओढायची नाही. पुढच्या काही खुर्च्या ओठांवरून बोलणं वाचणाऱ्यांसाठी राखीव. गोंगाट सोसत नाही त्यांना एक शांत खोली. चिकटपट्टीला खर्च तो किती येणार!

पण सगळं चिकटपट्टीवर भागत नाही. व्हीलचेअरवरचा माणूस ऐकायला येईल, इथवर आयोजकांचं डोकं चालतं. तो बोलायलाही येईल, हे सुचत नाही. २०१५ साली साराटोगा स्प्रिंग्जला वर्ल्ड फॅन्टसी कन्व्हेन्शन भरलं, तिथे स्टेजला रॅम्पच नव्हता. मारी नेस ही लेखिका व्हीलचेअर वापरते. तिने हे जाहीरपणे लिहिलं. त्यानंतर मेरी रॉबिनेट कोवाल या लेखिकेने जाहीर केलं, की जिथे अशा सोयींची लेखी माहिती आणि त्यासाठी शिकवलेली माणसं नसतील, त्या संमेलनाला मी जाणार नाही. पुष्कळ लेखकांनी खाली सह्या केल्या. आणि हे कुठे, तर १९९० पासून अपंगांच्या हक्कांचा कायदा असलेल्या देशात!

आता भाषा. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ म्हणू नका, ‘व्हीलचेअर वापरणारा’ म्हणा, असं तिकडे सांगतात. बरोबरच आहे, खुर्ची त्याला हिंडवते, खिळवत नाही. ‘सगळे उभे राहा’ऐवजी ‘ज्यांना जमेल त्यांनी’. त्यांच्या ‘लेम एक्स्क्यूज’वर आम्ही कॉन्व्हेंटवाल्या हसत असू, पण आपली ‘लंगडी सबब’ वेगळी काय आहे? आणि माझं ‘वेडी’? खरं सांगू, ते अजून तोंडातून जात नाही. आपल्याकडे २०१६ पासून सरकारी कागदांत ‘दिव्यांग’ आलं. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी त्याला विरोध केला होता. रूममेटला विचारलं, तर म्हणाली, ‘काहीही म्हण गं, पण माझ्याकडे तोंड करून म्हण.’

असो. यंदा मी गॅदरिंग कमिटीत आहे. माइक सक्तीचा केलाय. आपल्या हॉलचं स्टेज टेपने मोजलं, उंची ९० सेंमी. एकास बाराचा उतार धरला तर रॅम्प होतो १० मीटर ८० सेंमी, शिवाय मध्ये थांबायला एक सपाट टप्पा हवा. डावीकडचा जिना काढल्याशिवाय तो बसत नाही. सिव्हिलवाल्यांनो, रविवारी संध्याकाळी हॉलवर या, टेप माझ्याकडे आहे.