वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची हस्तलिखित रोजनिशी : एक साधनचिकित्सा

प्रस्तावना :
सागरी सफरींच्या अभ्यासात प्रवासातील सहभागी व्यक्तीने लिहिलेल्या रोजनिशीला प्राथमिक साधन म्हणून मानाचे स्थान आहे. मागाहून लिहिलेल्या ग्रंथांपेक्षा ती घटनेच्या निकट असते, म्हणून अधिक विश्वसनीय, असे आपण वर्गात सांगत असतो. हे विधान अर्धेच खरे आहे. रोजनिशी घटनेच्या निकट असते म्हणूनच तीत त्या क्षणाचे अज्ञानही जसेच्या तसे उतरलेले असते. आणि इतिहासाच्या दृष्टीने पुष्कळदा ते अज्ञान हाच मोलाचा पुरावा ठरतो. प्रस्तुत लेखात वास्को द गामाच्या पहिल्या भारत-सफरीच्या (१४९७-९९) रोजनिशीच्या आधारे हा मुद्दा तपासला आहे.

हस्तलिखिताचे स्वरूप :
या सफरीतील सहभागी व्यक्तीने लिहिलेला हा एकमेव सविस्तर वृत्तांत आज उपलब्ध असून त्याची एकच जुनी प्रत ज्ञात आहे. ती मूळची कोइंब्रा येथील सांता क्रुझ मठातील. तेथून ती पोर्तो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आली. १८३८ मध्ये ती प्रथम छापली गेली, १८९८ मध्ये रेव्हनस्टाइन यांचे इंग्रजी भाषांतर हॅक्लुट सोसायटीने प्रसिद्ध केले आणि २०१३ मध्ये युनेस्कोने तिची ‘जगाची स्मृती’ या नोंदपटात नोंद केली.

हस्तलिखितावर लेखकाचे नाव नाही. १८३८ च्या संपादकांनी सफरीतील ज्ञात व्यक्तींची नावे एकेक वगळत आल्व्हारो व्हेल्यो हे नाव सुचविले. हा केवळ तर्क आहे, याचा अनेकांना विसर पडतो. शिवाय उपलब्ध प्रत लेखकाच्या हातची नव्हे. एके ठिकाणी मूळ लेखकाने जागा कोरी सोडली होती. तेथे नक्कलकाराने समासात टीप लिहिली आहे की, ही शस्त्रे कशी घडविली होती हे सांगावयाचे लेखकाकडून राहून गेले. स्वतःच्या कल्पनेने ती जागा भरून काढण्याचा मोह त्याने टाळला, याबद्दल अभ्यासकांनी त्या अनामिकाचे ऋणी राहावयास हवे.

छापील आवृत्तीला ‘रोतेइरो’ म्हणजे नौकानयनाची मार्गदर्शिका असे नाव मिळाले असले, तरी लेखक नौकानयनशास्त्राचा जाणकार दिसत नाही. ३ ऑगस्ट १४९७ रोजी सांतियागो बेट सोडल्यापासून ४ नोव्हेंबर रोजी जमीन दिसेपर्यंतच्या तीन महिन्यांच्या वाटचालीला त्याने मोजक्याच ओळी दिल्या आहेत. त्याचे लक्ष माणसांकडे आहे. कालिकतच्या भाषेतील शब्दांची यादीही त्याने दिली आहे. पुढे २५ एप्रिल १४९९ च्या सुमारास, जहाज अद्याप आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत असताना, वृत्तांत अचानक तुटतो. लिस्बनला परतल्याची हकिकत तीत नाही.

‘ख्रिस्ती’ हा शब्द :
२० मे १४९८ रोजी जहाजे कालिकतजवळ नांगरली. २८ मे रोजी गामा तेरा माणसांसह सामुरी राजाच्या भेटीस निघाला. लेखक त्या तेरांपैकी एक होता. वाटेत त्यांना एका मोठ्या ‘चर्च’मध्ये नेण्यात आले. वर्णन वाचताच ते देवालय होते हे भारतीय वाचकाच्या ध्यानात येते : दगडी बांधकाम, कौलारू छप्पर, प्रवेशद्वारापाशी पक्ष्याची आकृती असलेला धातूचा स्तंभ, गर्भगृहातील लहान मूर्ती, खांद्यावरून सूत्र घेतलेले पुजारी, तीर्थ आणि अंगारा. गर्भगृहातील मूर्ती मेरीमातेची, असे पाहुण्यांनी मानले. भिंतींवरील ‘संतां’चे दात तोंडाबाहेर आलेले होते व त्यांना चार-पाच हात होते, हेही लेखक निर्विकारपणे नोंदवितो, पण त्यामुळे त्याचा निष्कर्ष ढळत नाही. पूर्वेकडे ख्रिस्ती राज्ये आहेत, ही धारणा घेऊनच हे लोक निघाले होते. जे मुसलमान नाहीत ते ख्रिस्ती, असे सोपे गणित त्यामागे होते.

कास्तान्येदा याने हाच प्रसंग १५५१ मध्ये छापला, तेव्हा त्यात जुआंव द सा याच्या शंकेची भर पडली. या मूर्ती सैतानाच्या असल्या, तरी आपण खऱ्या देवालाच वंदन करीत आहोत, असे तो म्हणाल्याचे कास्तान्येदा सांगतो. रोजनिशीत ही शंका नाही. अर्धशतकात पोर्तुगीजांना झालेल्या ज्ञानाची ही मागाहून घातलेली पुरवणी असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सप्टेंबर १४९८ मध्ये जहाजे आजच्या गोवा राज्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर थांबली. तेथेही बेटावर येणारे स्थानिक लोक ‘ख्रिस्ती’च आहेत. व्हेनिसची भाषा सफाईने बोलणारा सुमारे चाळिशीचा एक मनुष्य तेथे आला. हेर असल्याच्या संशयावरून त्याला फटके मारून बोलते करण्यात आले. पुढे पोर्तुगालमध्ये बाप्तिस्मा घेऊन तो गास्पार द गामा झाला. छळ करणाऱ्यांच्याच बाजूच्या माणसाने लिहिलेली ही हकिकत आहे, हे ती वाचताना सतत लक्षात ठेवावे लागते.

मार्गदर्शकाचा प्रश्न :
मालिंदीहून कालिकतपर्यंत गामाला अरब नाविक अहमद इब्न माजिद याने वाट दाखविली, असे विधान पाठ्यपुस्तकांत व व्याख्यानांत सर्रास आढळते. रोजनिशीत मात्र मालिंदीच्या राजाने एक ‘ख्रिस्ती’ मार्गदर्शक पाठविला, एवढेच आहे. त्याचे नाव नाही. या लेखकाचा ‘ख्रिस्ती’ म्हणजे काय, हे पाहिल्यावर तो मार्गदर्शक हिंदू असण्याची शक्यता उरतेच. १५५२ मध्ये बार्रोस त्याला गुजरातेतील मूर म्हणतो व ‘मालेमो काना’ असे संबोधन देतो. ‘मालेमो’ हे अरबी ‘मुअल्लिम’चे रूप आहे आणि ‘काना’चा संबंध अभ्यासक ‘गणक’ या शब्दाशी जोडतात. म्हणजे हे व्यक्तिनाम नसून व्यवसायनामच असावे. इब्न माजिदचे नाव सोळाव्या शतकातील एका अरबी इतिहासग्रंथातून पुढे आले. १९२० च्या दशकात गाब्रिएल फेराँ यांनी ते ग्राह्य धरले व त्याचा प्रसार झाला. इब्न माजिदच्या नौकानयनविषयक ग्रंथाचे भाषांतर करणाऱ्या जी. आर. टिबेट्स यांनी १९७१ मध्ये ही ओळख अमान्य केली, आणि आज बहुतेक तज्ज्ञ त्यांच्याच बाजूचे आहेत. आपल्याकडील वर्गांत मात्र १९२० च्या दशकातील मतच अद्याप शिकविले जाते.