माणूस झोपेंत घोरतो कां ?

जालन्याच्या मस्तगड भागांत, १७२५ सालच्या किल्ल्याच्या आसमंतांत, वैशाखाच्या रात्रीं गच्च्यांवर अंथरुणें पडलीं, कीं एका घराचें घोरणें चार घरांना ऐकूं जातें. "काय गाढ झोप लागली आहे !" असें शेजारी कौतुकानें म्हणतात. हें कौतुक मात्र बहुधा चुकीच्या ठिकाणीं खर्च होतें.

जागेपणीं घशाचे स्नायू श्वासाची वाट ताणून उघडी धरतात. झोप लागतांच ते सैल पडतात. टाळूचा मागचा मऊ भाग व त्याला लोंबणारी पडजीभ खालीं उतरते. उताणें निजलेल्या माणसाची जीभहि मागें सरकते. वाट अरुंद झाली, कीं तींतून हवा अधिक वेगानें जाते, आणि वेगवान हवेचा दाब कमी असल्यामुळें सैल झालेल्या भिंती आंत ओढल्या जातात, सुटतात, पुनः ओढल्या जातात. वाऱ्यानें कनात फडफडावी तसा हा नाद आहे. सर्दीनें नाक चोंदलें असतां, गळ्याभोंवतीं मेद सांठला असतां किंवा मद्य घेतलें असतां तो वाढतो. मुलांत वाढलेल्या टॉन्सिलकडे आधीं पाहावें लागतें. कुशीवर निजल्यास पुष्कळांचा आवाज उतरतो. गृहिणी कोपरानें ढोसतात, तो उपाय शास्त्राला धरूनच आहे.

परंतु कान द्यावयाचा तो आवाजाकडे नव्हे, मध्येंच पडणाऱ्या शांततेकडे. घोरतां घोरतां माणूस एकाएकीं गप्प होतो. ऐकणाऱ्यास हायसें वाटतें. पण त्या वेळीं कित्येकांची वाट पूर्ण मिटलेली असते. छाती हलते, हवा मात्र आंत जात नाहीं. १० सेकंद, कधीं त्याहून पुष्कळ अधिक काळ असा जातो. रक्तांतील प्राणवायु घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठ्या घरघरीनें श्वास सुटतो. रोग्याला याची आठवणहि राहत नाहीं. तासाला ५ किंवा अधिक वेळां असें घडूं लागलें, तर डॉक्टर त्यास विकार समजतात. मग दिवसां डुलक्या येतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो. डिकन्सनें १८३६-३७ च्या 'पिकविक पेपर्स' मध्यें सदा पेंगणारा लठ्ठ मुलगा रंगविला. वाचक हंसले, आणि पुढें १९५६ सालीं वैद्यकानें पिकविकचेंच नांव अशा एका रोगाला दिलें. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्यें मुंबईंत वारले, तेव्हां डॉक्टरांनीं झोपेंत श्वास अडण्याचा हाच विकार कारण म्हणून सांगितला.

यावर इलाज आहे. वजन उतरविण्यानें अनेकांना गुण येतो. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियाचे कॉलिन सुलिव्हन यांनीं नाकावाटे दाबाची हवा सोडून घशाची वाट रात्रभर उघडी ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तीं यंत्रें आतां घरोघर वापरतां येतात. डॉक्टरकडे जातांना मात्र घोरणाऱ्यानें शेजारीं निजणाऱ्या माणसास बरोबर न्यावें. रात्रीं काय घडतें, हें त्यालाच ठाऊक असतें.