चित्रातली कोण, चितारणारा कोण?

सतराव्या शतकातलं डच व्यक्तिचित्र समोर आलं की जाणकार ते आधी पालथं घालतात. मागे ओकची फळी असेल तर कडेवरची वाढवलयं मोजली जातात. पुष्कळ फळ्या बाल्टिक प्रदेशातल्या ओकच्या असत आणि तिथल्या वलयांचा क्रम संशोधकांनी लावून ठेवला आहे. फळीतलं शेवटचं वलय ज्या वर्षाचं, त्याआधी चित्र रंगवलेलं असणं शक्य नाही. सालीलगतचं कोवळं लाकूड सुतार तासून टाकत, म्हणून वर आणखी काही वर्षं धरायची.

मग रंग. पिवळ्यात शिसं आणि कथील एकत्र सापडलं तर लक्षण चांगलं. हा रंग १७५०च्या सुमारास वापरातून गेला. निळ्यात प्रशियन ब्लू निघाला, तर तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला. म्हणजे चित्र उशिराचं, नाहीतर नंतर कुणीतरी त्यावर हात फिरवलेला. कोपऱ्यातल्या कुलचिन्हाची अशी तपासणी आवर्जून करावी. वारसांनी घराण्याचा मान वाढवायला ते मागाहून रंगवून घेतल्याची उदाहरणं आहेत.

बाई कोण, हे कागदपत्रं जास्त खात्रीनं सांगतात. पॅरिसच्या झाकमार-आंद्रे संग्रहालयात रेम्ब्रांनं रंगवलेली आमालिया फॉन सोल्म्स आहे, ऑरेंजचा राजपुत्र फ्रेडरिक हेंड्रिक याची पत्नी. चेहरा एका बाजूनं दाखवलेला. राजपुत्राच्या संग्रहाच्या १६३२च्या यादीत तिच्या अशाच चित्राची नोंद आहे, रेम्ब्रांच्या नावासकट.

खरी पंचाईत चितारणाऱ्याची. गुरू आणि शिष्य एकाच चित्रशाळेत, एकाच घोटलेल्या रंगातून काम करत. प्रयोगशाळा खोटं पकडते, पण या दोघांना वेगळं करणं तिला क्वचितच जमतं. तिथे ब्रशचा फटकारा वाचणारी नजरच लागते, आणि ती नजर मतं बदलते. अमेरिकेतल्या अ‍ॅलनटाउन कला संग्रहालयाला १९६१ साली रेम्ब्रांचं म्हणून १६३२चं एका तरुणीचं चित्र मिळालं. पुढे रेम्ब्रां संशोधन प्रकल्पाच्या अभ्यासकांनी ते चित्रशाळेतल्या दुसऱ्या कुणाचं तरी ठरवलं. २०१८ साली ते न्यूयॉर्कला स्वच्छतेसाठी गेलं. क्ष-किरण, अवरक्त छायाचित्रण, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सगळं झालं, पण मोठं काम केलं जुन्या व्हार्निशचे जाड थर उतरवण्यानं. खालची नाजूक ब्रशकारी मोकळी झाली, आणि २०२० साली संग्रहालयानं ते पुन्हा रेम्ब्रांचं असल्याचं जाहीर केलं.